प्रकाश-उत्प्रेरकांवर पीएच.डी. करायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. भौतिक रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे, सीएसआयआर-नेटची जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली आहे, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या गाईडनी ‘फोटोकॅटॅलिसिस’, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर अभिक्रिया घडवणारे उत्प्रेरक, हाच विषय देऊ केला आहे. एक सीनियर म्हणतो, सूर्यप्रकाशातून हायड्रोजन मिळवणं हेच उद्याचं रसायनशास्त्र. दुसरी म्हणते, मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग घालवण्यात पाच वर्षं जातील आणि हाती काही लागणार नाही. यातलं खरं काय, आणि या विषयावर संशोधनाचं आयुष्य उभं राहतं का?

दोघांचंही म्हणणं त्यांच्या अनुभवातून आलेलं आहे, म्हणून कुणालाच खोडून काढत नाही. मी पुण्यात बरीच वर्षं याच विषयात काम करते आहे. माझं उत्तर ‘हो, उभं राहतं’ असंच आहे, पण त्याला एक अट आहे. प्रकाश हा या प्रयोगातला अभिकारक आहे आणि तो मोजता आला पाहिजे. बाकीचे अभिकारक आपण मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत तोलतो, आणि प्रकाशाची वेळ आली की ‘३०० वॅटचा झेनॉन लॅम्प वापरला’ एवढं लिहून मोकळे होतो. या विषयात टिकलेली माणसं आणि मागे पडलेली माणसं यांच्यातला फरक मला बहुतेक वेळा इथेच दिसला आहे.

अकिरा फुजिशिमा यांची कारकीर्द यासाठी नीट पाहण्यासारखी आहे. १९६७ मध्ये ते टोक्यो विद्यापीठात केनिची होंडा यांचे विद्यार्थी होते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या (रूटाइलच्या) स्फटिकाचा इलेक्ट्रोड पाण्यात बुडवून त्यावर प्रकाश टाकला, तर त्या स्फटिकावर ऑक्सिजनचे आणि समोरच्या प्लॅटिनमवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, हे त्यांनी पाहिलं. तेव्हाच्या विद्युतरसायनतज्ज्ञांना ते पटेना. पाण्यातून ऑक्सिजन सुटायला जेवढं विभव लागतं, त्याच्या कितीतरी आधीच तो सुटत होता, आणि ती कमतरता प्रकाश भरून काढतो ही कल्पनाच नवी होती. १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये तो शोधनिबंध आला, पुढच्याच वर्षी तेलसंकट आलं, आणि जगभरच्या प्रयोगशाळा टायटॅनियम डायऑक्साइडकडे वळल्या.

त्यानंतरचा भाग तुमच्या प्रश्नाशी जास्त जवळचा आहे. टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक आहे. त्याचा बँड गॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, रूप बदलेल तसा ३.० ते ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतो. म्हणजे साधारण ४०० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा, अतिनील प्रकाशच त्याला चालतो. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील प्रकाश जेमतेम चार-पाच टक्के. हायड्रोजनचं स्वप्न या एका आकड्यापाशी अडलं. फुजिशिमांनी पदार्थ सोडला नाही, पण प्रश्न बदलला. खोलीतल्या दिव्यातून येणारा अतिनील प्रकाश अगदी क्षीण असतो. त्यातून टनावारी पाणी फोडता येणार नाही हे उघड आहे. पण फरशीवर चढलेला तेलकट पदर किंवा त्यावरचे जिवाणू हे प्रमाणच इतकं अल्प, की तेवढा प्रकाशही पुरून उरतो. इतका प्रकाश येतो, इतके रेणू मोडायचे आहेत, जुळतं का? हा हिशोब जुळला आणि स्वतःहून स्वच्छ राहणाऱ्या फरश्या, काचा आल्या. प्रकाश पडल्यावर या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब थेंब न राहता सपाट पसरतो, हे १९९७ मध्ये त्यांच्या गटाने टोटो या जपानी कंपनीच्या संशोधकांसोबत दाखवलं. आरशावर वाफ न धरण्याचा गुण त्यातूनच आला.

होंडांचाच आणखी एक विद्यार्थी म्हणजे त्सुतोमू मियासाका. पीएच.डी. झाल्यावर ते फुजी फोटो फिल्म या कंपनीत गेले आणि तिथे वीसेक वर्षं राहिले. छायाचित्रणाच्या फिल्ममध्ये सिल्व्हर हॅलाइडच्या कणांना रंगद्रव्याच्या साहाय्याने दृश्य प्रकाश ‘दिसायला’ लावतात. अर्धवाहकावर रंगद्रव्य चढवण्यामागचं रसायनशास्त्र तेच. २००१ मध्ये ते योकोहामाच्या तोइन विद्यापीठात आले, आणि २००९ मध्ये त्यांच्या गटाने पेरोव्स्काइट (एका विशिष्ट स्फटिक-रचनेचा पदार्थ) वापरलेला पहिला सौरघट प्रसिद्ध केला. त्याची कार्यक्षमता होती ३.८ टक्के. आज या जातीचे प्रयोगशाळेतले घट २६ टक्क्यांच्या पुढे आहेत. ज्यांना ‘विषय निवडला की आयुष्य ठरलं’ अशी भीती वाटते, त्यांना मी मियासाकांचं उदाहरण देते. प्रकाश, अर्धवाहक आणि पृष्ठभाग हे तिन्ही समजलेला माणूस पदार्थ बदलला तरी अडत नाही.

आता हायड्रोजन. इथे उमेद आणि वस्तुस्थिती दोन्ही सांगते. काझुनारी डोमेन यांच्या गटाने २०२० मध्ये अॅल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या कणांवर पाणी फोडताना ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी ९६ टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता मिळवली. म्हणजे पडलेला जवळजवळ प्रत्येक फोटॉन कामी आला. स्फटिकाच्या एका प्रकारच्या पैलूंवर हायड्रोजन सोडणारा सह-उत्प्रेरक बसवला, दुसऱ्या प्रकारच्या पैलूंवर ऑक्सिजन सोडणारा. त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर मागे राहणारी धन जागा) वेगवेगळ्या दिशांना गेले आणि परत एकमेकांना भेटून वाया गेले नाहीत. मला तो निबंध अतिशय सुंदर वाटतो. इलेक्ट्रॉन-होलचं पुनर्मीलन हा अटळ शाप आहे असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो, आणि नीट घडवलेल्या स्फटिकात तो जवळपास शून्यावर आणता येतो हे त्यात दिसलं.

त्याच पदार्थाचं १०० चौरस मीटरचं फलक-क्षेत्र त्यांनी उघड्यावर मांडलं आणि कित्येक महिने चालवलं. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सूर्याच्या ऊर्जेतली जास्तीत जास्त ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली. ९६ कुठे आणि ०.७६ कुठे! यात लबाडी काही नाही. पहिला आकडा फक्त अतिनील फोटॉनांचा आहे, दुसरा अख्ख्या सूर्यप्रकाशाचा. मी विद्यार्थ्यांना पुढचं गणित करायला लावते. भर उन्हात चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात, म्हणजे १०० चौरस मीटरवर १०० किलोवॅट. त्याचे ०.७६ टक्के म्हणजे ७६० वॅट. एक मोल हायड्रोजनमागे २३७ किलोज्यूल धरले, तर तासाला साधारण २३ ग्रॅम हायड्रोजन झाला. दुसरीकडे बाजारातलं २० टक्क्यांचं सौरपॅनेल आणि ६५-७० टक्क्यांचा इलेक्ट्रोलायझर जोडला, तर १३ टक्क्यांच्या आसपास पोचता येतं, तेही आज. पावडर टाकून पाणी फोडण्याची बाजू उभी राहायची असेल तर ती स्वस्ताईवर, आणि त्यासाठी कार्यक्षमता किमान ५ ते १० टक्क्यांपर्यंत न्यावी लागेल असा या क्षेत्रात सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणजे दृश्य प्रकाश शोषणारा, पाण्यात न विरघळणारा आणि वर्षानुवर्षं टिकणारा पदार्थ हवा. मेलामाइन ५५० अंशांच्या आसपास भाजून मिळणाऱ्या, पिवळसर ग्रॅफायटिक कार्बन नायट्राइडवर (बँड गॅप २.७) २००९ पासून एवढी झुंबड उडाली ती याचमुळे. तो मफल फर्नेसमध्ये सहज बनतो. एकट्याने, कशाचीही मदत न घेता पाणी फोडायला मात्र तो सहज तयार होत नाही, म्हणून बहुतेक निबंधांत ट्रायइथॅनॉलअमाइन किंवा मेथॅनॉल घातलेलं असतं. ते स्वतः ऑक्सिडाइझ होऊन होल खातात. अशा प्रयोगाला ‘वॉटर स्प्लिटिंग’ म्हणू नका. ऑक्सिजन सुटलेलाच नसतो.

रंग घालवण्याच्या कामाविषयी तुमची दुसरी सीनियर चिडून बोलली आहे, आणि तिचं दुखणं मला कळतं. आपल्याकडच्या अनेक विभागांत हे काम चालतं, कारण यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर सगळीकडे असतो आणि मिथिलीन ब्लू स्वस्त मिळतं. पण मिथिलीन ब्लू स्वतःच ६६४ नॅनोमीटरला जोरदार प्रकाश शोषतं. लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या द्रावणात एका सेंटीमीटरमध्येच त्या तरंगलांबीचा जवळजवळ ९९ टक्के प्रकाश संपतो. त्यामुळे दृश्य प्रकाशात काम करणारा उत्प्रेरक मिळाला असं वाटतं, तेव्हा प्रत्यक्षात प्रकाश रंगाने घेतलेला असू शकतो. रंगाचा उत्तेजित रेणू इलेक्ट्रॉन अर्धवाहकाला देतो आणि स्वतः मोडतो. त्यातून तुमच्या पदार्थाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शिवाय रंग गेला म्हणजे रेणू कार्बन डायऑक्साइडपर्यंत गेला असं नाही. निळं द्रावण रंगहीन दिसतं आणि एकूण सेंद्रिय कार्बन होता तेवढाच राहतो, असं कितीदा तरी होतं. काही वेळा रंग पावडरीवर नुसता चिकटलेला असतो. म्हणून अंधारात किमान अर्धा-पाऊण तास ढवळून अधिशोषण स्थिर झाल्यावरच घड्याळ लावायचं.

आणि प्रबंधाच्या पहिल्या परिच्छेदात ‘वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याची गंभीर समस्या’ लिहायची असेल, तर एकदा इचलकरंजीला जाऊन प्रोसेस हाऊसचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं, पाणी बघा. ते मिठाने भरलेलं, गडद आणि गढूळ असतं, आणि सोबत स्टार्च, साबण, अल्कली असं बरंच काही असतं. त्यात प्रकाश काही मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही. रेणू मोडण्याचं काम करणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल क्लोराइड आणि बायकार्बोनेट खाऊन टाकतात. पंचगंगा नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न खरा आहे, आणि तो बीकरमधल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये सुटत नाही. एखाद्या गटाने खऱ्या सांडपाण्यावर काम करायचं ठरवलं आणि जैविक प्रक्रियेनंतर उरलेल्या, न मोडणाऱ्या औषधांच्या किंवा कीटकनाशकांच्या अत्यल्प अंशांसाठी प्रकाश वापरला, तर तो विषय मला पटतो. तिथे पाणी नितळ असतं, रेणू थोडे असतात, हिशोब जुळू शकतो.

मोजमापाचा मुद्दा मी इतका धरून का ठेवते ते एका उदाहरणाने सांगते. तुमच्या रिअॅक्टरमध्ये ४२० नॅनोमीटरचा १०० मिलिवॅट प्रकाश शिरतो असं धरा. त्या तरंगलांबीच्या एक मोल फोटॉनांची ऊर्जा साधारण २८५ किलोज्यूल, म्हणजे तासाला सुमारे १.२६ मिलिमोल फोटॉन. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात. एका फोटॉनामागे एक इलेक्ट्रॉन धरला तर तासाला जास्तीत जास्त ०.६३ मिलिमोल हायड्रोजन, त्याहून जास्त नाही. आता हाच आकडा कुणी ‘प्रति ग्रॅम प्रति तास’ लिहितो. ५० मिलिग्रॅम पावडर टाकली की आकडा लहान येतो, ५ मिलिग्रॅम टाकली की मोठा. प्रकाश तोच, हायड्रोजन जवळपास तेवढाच, भागाकार बदलला. दोन प्रयोगशाळांमधले असे आकडे शेजारी शेजारी मांडून केलेल्या तुलनेच्या तक्त्याला काही अर्थ नसतो. क्वांटम कार्यक्षमता द्या, तरंगलांबी द्या, प्रकाश किती पडला ते द्या. महागडा पॉवर मीटर नसेल तर पोटॅशियम फेरिऑक्झलेटचा अॅक्टिनोमीटर (प्रकाश मोजणारं रासायनिक द्रावण) कुठल्याही विभागात बनतो. ते हिरवे स्फटिक एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बनवलेले असतातच. लाल दिव्याखाली काम करायचं, फिनॅन्थ्रोलिन घालून लोह मोजायचं, झालं.

कोऱ्या चाचण्याही तितक्याच महत्त्वाच्या. प्रकाश आहे आणि उत्प्रेरक नाही, उत्प्रेरक आहे आणि प्रकाश नाही, दोन्ही आहेत आणि अभिक्रियेचा मूळ पदार्थ नाही, अशा तिन्ही घ्या. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवल्याचा दावा असेल, तर कार्बन-१३ (कार्बनचा वेगळा ओळखता येणारा जड समस्थानिक) वापरल्याशिवाय मी तो मान्य करत नाही, कारण पदार्थ बनवताना उरलेलं सेंद्रिय द्रव्य प्रकाशात मोडून तेवढा मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड सहज देतं. नायट्रोजनपासून अमोनियाचं तर अधिकच अवघड. हवेत, हातमोज्यांवर, नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये अमोनिया किंवा नायट्रोजन ऑक्साइडचे अंश असतात, आणि मिळालेलं उत्पादनही मायक्रोमोलांत असतं. तिथे शुद्ध केलेला नायट्रोजन-१५ लागतोच. गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) ऑक्सिजन दिसला तर आधी शेजारचं नायट्रोजनचं शिखर बघा. तेही वाढत असेल तर हवा गळते आहे. झेनॉन दिव्याजवळ द्रावण किती तापतं हेही लिहा, कारण कित्येक ‘प्रकाश-अभिक्रिया’ पाण्याचं थंड आवरण लावल्यावर मंदावतात.

यातलं काहीही अत्याधुनिक उपकरणावर अवलंबून नाही. म्हणूनच गाव लहान की मोठं, संस्था नावाजलेली की नाही, याला मी फार महत्त्व देत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थर बनवण्याची जुनी परंपरा आहे. रासायनिक निक्षेपण, स्प्रे पायरोलिसिस अशा कमी खर्चाच्या पद्धतींनी तिथे कितीतरी पिढ्या तयार झाल्या, आणि त्यातली अनेक मुलंमुली पुढे दक्षिण कोरियातल्या विद्यापीठांत पोस्टडॉकला गेली. पुण्यात एनसीएल, सी-मेट आणि आयसर या संशोधन संस्था आहेत, मुंबईत आयसीटी आणि आयआयटी आहे. उपकरणांची मदत मागितली तर मिळते, नमुना घेऊन जाण्याची तयारी हवी.

तुमचा ओढा थोडाही सेंद्रिय रसायनाकडे असेल, तर या विषयाची दुसरी शाखा जरूर बघा. इटालियन रसायनतज्ज्ञ जाकोमो चामिचान यांनी बोलोन्यात विद्यापीठाच्या गच्चीवर बाटल्या उन्हात ठेवून अभिक्रिया केल्या, आणि १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात कोळशाऐवजी सूर्यावर चालणाऱ्या उद्योगांचं चित्र मांडलं. तो धागा खऱ्या अर्थाने पुन्हा जोमाने हाती आला तो २००८ नंतर, रुथेनियमच्या बायपिरिडिन संयुगासारखे दृश्य प्रकाश शोषणारे उत्प्रेरक आणि साधे एलईडी वापरून. त्याला फोटोरेडॉक्स म्हणतात. इथे उत्पादन महाग असतं, औषधाचा रेणू असतो, त्यामुळे फोटॉन थोडे महाग पडले तरी परवडतात. उद्योगाला हे नवं नाही. जपानच्या तोरे कंपनीने नायलॉन-६ साठी लागणारं कॅप्रोलॅक्टम प्रकाशाच्या मार्गाने टनावारी बनवलं. ड जीवनसत्त्व अतिनील प्रकाशाने बनतं. सनोफीने इटलीत मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनची एक पायरी प्रकाश आणि ऑक्सिजनवर चालवली. फ्लो रिअॅक्टरमध्ये अरुंद नळीतून द्रावण वाहतं, प्रकाश आतपर्यंत पोचतो, आणि बीकरमधली अडचण सुटते. औषध कंपन्यांच्या संशोधन विभागांना हे जाणणारी माणसं हवी असतात. सरळ नोकरीच्या दृष्टीने विचारलंत तर पावडर आणि हायड्रोजनपेक्षा हा रस्ता आज मला जवळचा वाटतो.

पैशांचंही बोलू या, कारण घरचे तेच विचारणार. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफ (पुढच्या टप्प्याची शिष्यवृत्ती) झाल्यावर ४२,००० रुपये, अधिक घरभाडे भत्ता. ते प्रत्येक महिन्याला वेळेवर येईलच असं धरून कर्जाचे हप्ते बांधू नका. हाताशी दोन-तीन महिन्यांची शिल्लक ठेवा. जानेवारी २०२३ मध्येच केंद्राने १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. ते वाचून ‘आपल्या विषयाला पैसा आला’ असं वाटणं साहजिक आहे. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर आणि हायड्रोजन उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी आहेत, संशोधनासाठी ४०० कोटी. म्हणून माझा सल्ला असा की प्रकाश-उत्प्रेरकावर काम करतानाच विद्युतरसायन पक्कं शिकून घ्या. इम्पिडन्स, मॉट-शॉटकी, प्रकाशात आणि अंधारात घेतलेला विद्युतप्रवाह, ही इलेक्ट्रोडवरची मोजमापं हातात असतील तर इलेक्ट्रोलायझर, बॅटरी, सौरघट अशा सगळ्या दारांतून आत जाता येतं. माझ्याकडून बाहेर पडलेल्या मुलांना ज्या नोकऱ्या मिळाल्या, त्यांतल्या बऱ्याच प्रबंधाच्या शीर्षकाशी संबंध नसलेल्या होत्या. लेप, रंगद्रव्यं, बॅटरीचे पदार्थ, पृष्ठभागाचं विश्लेषण. मुलाखतीत त्यांना त्यांच्या उत्प्रेरकाचं नाव क्वचितच विचारलं गेलं. एक्सपीएसचा (क्ष-किरणांनी पृष्ठभाग तपासण्याच्या पद्धतीचा) आलेख समोर ठेवून हे शिखर असंच का धरलं, असं मात्र विचारलं गेलं.

तब्येतीचं एक सांगायला हवं. टायटॅनियम डायऑक्साइडची बारीक पूड श्वासावाटे जाणं चांगलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने ती माणसासाठी संभाव्य कर्करोगकारक गटात ठेवली आहे. पूड तोलताना मास्क लावा, फ्यूम हूडमध्ये तोला, आणि उघड्या अतिनील दिव्याकडे साध्या चष्म्यातून बघू नका.

दोन गाईडमधून निवड करायची आहे, तर दोघांच्याही प्रयोगशाळेत एकेक दिवस बसून या, आणि गाईडपेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला. दिव्याचा प्रकाश शेवटचा कधी मोजला ते विचारा. कोऱ्या चाचण्यांची वही दाखवायला सांगा. न जमलेल्या प्रयोगाचं पुढे काय होतं, तो गटाच्या बैठकीत मांडला जातो की कपाटात जातो, हे विचारा. एकच पदार्थ दुसऱ्या विद्यार्थ्याने पुन्हा बनवून तोच आकडा आला का, हेही विचारा. ज्या प्रयोगशाळेत या प्रश्नांची उत्तरं चटकन मिळतील तिथे जा, मग तिथला विषय हायड्रोजन असो, कार्बन डायऑक्साइड असो की मिथिलीन ब्लू. दोन्हीकडे सारखीच उत्तरं आली, तर जिथे गॅस क्रोमॅटोग्राफ स्वतःच्या हाताने चालवायला मिळेल ती जागा घ्या.